आठवणीचा धातू आणि माणसाचा चेहरा

मिरजेत चष्म्याचं दुकान चालवणारे माझे मेहुणे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवणारी माझी मुलगी, या दोघांचं टायटॅनियमच्या लवचिक फ्रेमवरून पटत नाही. वाद जुना आहे आणि दोघांकडेही वजनदार मुद्दे आहेत. चष्मा आपण जागेपणी सगळा वेळ नाकाकानांवर वागवतो, पण तो कशाचा बनला आहे हे घेताना क्वचितच विचारतो. दुकानात फ्रेम वाकवून दाखवतात, ती टुणकन सरळ होते, आणि आपण पैसे मोजतो. म्हणून या दोघांचं बोलणं, घरच्या गोष्टी वगळून, इथे देतो आहे. जिथे राहवलं नाही तिथे मी मधे बोललो आहे.

मामा : आधी ते पिळून दाखवणं बंद करायला पाहिजे. कंपनीचा माणूस येतो आणि ओलं धोतर पिळावं तशी फ्रेम पिळतो. गिऱ्हाईक बघत राहतं. अगं, पण चष्म्याचं काम काय? काच डोळ्यासमोर नेमक्या जागी धरून ठेवायची. ती फ्रेम किती वाकते हे मला काय करायचंय? ती माझ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर सरळ बसते का, तेवढं सांग.

भाची : मामा, पिळणं हा दिखावा आहे, कबूल. पण त्यामागे धातूत जे घडतं ते खरं आहे आणि फार सुंदर आहे. साधी तार थोडी वाकवली तर परत येते, जास्त वाकवली की वाकलेलीच राहते. कारण आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि एकदा घसरले की जागेवर येत नाहीत. नेहमीच्या धातूत ही हद्द फार जवळ असते. लांबीच्या जेमतेम एक टक्क्यापर्यंत ताणलं तर परत येईल, पुढे नाही. निकेल आणि टायटॅनियमचा जो मिश्रधातू आहे, निटिनॉल, तो आठ टक्क्यांपर्यंत ताणला तरी परत येतो.

मामा : आठ टक्के?

भाची : हो. कारण तिथे थर घसरतच नाहीत. ताण आला की अणूंची रचनाच एका ठेवणीतून दुसऱ्या ठेवणीत जाते. आधी ती चौकोनी, घनाकृती असते, ती कलती होते. तार वाकते ती या बदलामुळे. ताण काढला की रचना पुन्हा पहिल्यासारखी. कुठलाही अणू शेजाऱ्याला सोडून गेलेला नसतो, म्हणून परतीची वाट मोकळी राहते.

मामा : आणि तो कंपनीवाला सांगतो, फ्रेम वाकडी झाली तर गरम पाण्यात टाका.

भाची : ती दुसरी गोष्ट, आणि तिचीच कथा जास्त ऐकायला मिळते. अमेरिकेच्या नौदलाची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा मेरीलँडमध्ये व्हाइट ओकला होती. तिथे विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. 1959 च्या सुमारास त्यांचं लक्ष या मिश्रणावर स्थिरावलं. 1961 मध्ये एका बैठकीत घड्या घातलेली एक पट्टी हातोहात फिरत होती. ती किती वेळा वाकवली तरी तुटत नाही हे दाखवायचं होतं. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या पाइपचा लायटर तिच्याखाली धरला, आणि पट्टी सरळ उलगडली. तो आकार आठवण्याचा गुण उष्णतेवर चालतो. चष्म्यात मात्र आपल्याला उष्णतेविना परत येणारा गुण हवा असतो. रचना बदलण्याचं तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली ठेवलं की तो मिळतो. अशा फ्रेमला गरम पाण्याची गरज नाही. उलट काचेवरचा चकाकी कमी करणारा थर उष्णतेनं तडकतो.

मामा : हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो. मोटारीत काचेजवळ उन्हात चष्मा ठेवतात, आणि थर जाळीदार झाला की माझ्याकडे येतात.

इथे एक भर घालतो, कारण मुलीनं ती एकदा मला वहीत आकृती काढून समजावली होती. निटिनॉलमध्ये वजनानं साधारण पंचावन्न टक्के निकेल आणि बाकी टायटॅनियम असतं. निकेलच्या प्रमाणात शंभरात एका अणूचा फरक पडला तरी रचना बदलण्याचं तापमान सुमारे शंभर अंशांनी सरकू शकतं. मिश्रण ओतणाऱ्याला किती नेमकं राहावं लागत असेल याचा यावरून अंदाज येतो. शिवाय लवचिकपणाचा हा पल्ला तापमानाच्या एका पट्ट्यातच मिळतो. कडाक्याच्या थंडीत तार मऊ पडू शकते. म्हणून चष्म्यासाठीची तार बहुधा थंड अवस्थेतच ओढून कणखर करतात. आठ टक्क्यांचा गुण त्यात कमी होतो, पण उरलेला गुण उन्हातही चालतो आणि बर्फातही. बाजारात हा धातू फ्रेमच्या रूपानं ठळकपणे आला तो 1988 मध्ये, मार्चॉन या अमेरिकी कंपनीच्या फ्लेक्सॉन नावानं.

मामा : बरं, आता माझं ऐक. गिऱ्हाईक समोर बसतं. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. बहुतेकांचा असतोच. नाकाचं हाड एका बाजूला झुकलंय. मी काय करतो? एक काडी किंचित खाली घेतो, कानामागचा बाक मागेपुढे करतो, नोजपॅडच्या तारा उघडतो किंवा मिटतो. मग काचेचा मध्य बुबुळासमोर येतो. तुझ्या निटिनॉलची काडी मी वाकवली तर ती काय करते?

भाची : परत येते.

मामा : परत येते! त्या धातूला कारखान्यातला आकार आठवतो. माझ्या गिऱ्हाइकाचा चेहरा तो शिकायलाच तयार नाही. मग सरळ नाकाचा आणि सारख्या कानांचा माणूस शोधत बसू का?

भाची : म्हणून तर काडीची टोकं दुसऱ्या धातूची करतात. मधला भाग निटिनॉलचा, कानामागचा वाकवता येण्याजोगा. काचेभोवतीची रिमसुद्धा निटिनॉलची नसते, साध्या टायटॅनियमची किंवा मोनेलची असते.

मामा : करतात, पण सगळे नाही. आणि बसवण्यातली चूक छोटी नसते. पाच नंबरची काच चार मिलिमीटर सरकली तर दोन प्रिझमचा फरक पडतो. बघणाऱ्याला ते कळत नाही, त्याला फक्त संध्याकाळी डोकं दुखल्याचं कळतं. सिलिंडरचा नंबर असेल आणि काच पाच अंश फिरली, तर सिलिंडरचा सहावा हिस्सा दुरुस्त न होता तसाच राहतो. तीस अंश फिरली तर चष्मा लावून न लावून सारखाच. दहा नंबरच्या माणसाचा चष्मा दोन मिलिमीटर पुढे घसरला तर नंबरच जवळजवळ पाव डायॉप्टरनं बदलल्यासारखा होतो. प्रोग्रेसिव्ह काचेची तर गोष्टच नको. वाचायचा पट्टा हाताच्या बोटाएवढा अरुंद, तो हलला की माणूस मान वेडीवाकडी करून पेपर वाचतो. आणि तू मला लवचिकपणाची टक्केवारी सांगतेस.

मला वाटतं, या वादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेहुणे इथे बोलून गेले. लवचिक आणि मजबूत हे आपण एकच धरतो. चष्म्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. धक्का बसला की वाकून परत यायला हवं आणि कारागिरानं वाकवलं की तसंच राहायलाही हवं. एकाच तारेकडून दोन्ही मागणं कठीण आहे. पण फ्रेमच्या एका भागाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरं मागता येतं. मुलीचं पुढचं म्हणणं याच दिशेनं जातं.

भाची : मामा, निटिनॉल म्हणजेच लवचिक टायटॅनियम असं नाही. बीटा टायटॅनियमचं नाव तुमच्याही याद्यांत असेल. शुद्ध टायटॅनियमची रचना नेहमीच्या तापमानाला षट्कोनी असते, आणि 882 अंशांच्या वर ती घनाकृती होते, तिला बीटा म्हणतात. त्यात व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, नायोबियम यांसारखे धातू पुरेसे मिसळले तर ती बीटा रचना थंड झाल्यावरही टिकते. असा धातू पोलादापेक्षा कमी ताठ असतो, पण ताकद भरपूर. त्यामुळे तो बराच वाकतो आणि परत येतो, निटिनॉलएवढा नाही पण साध्या टायटॅनियमपेक्षा जास्त. आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे तुम्ही जोर लावून वाकवलात तर नवीन आकार धरतो.

मामा : हां, तो मला मान्य आहे. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, हा ऐकत नाही. वाकवायचा तेवढा वाकवला की थोडा मागे येतो. मग अंदाज आला, पाहिजे त्याच्यापेक्षा थोडं जास्त वाकवायचं. आता हात बसलाय. काडी बारीक असते, कानशिलाला टोचत नाही, आणि डोक्याला हलकं धरून ठेवते. तो धातू मला आवडतो.

भाची : त्यात निकेलही नाही.

मामा : निकेलचं तूच काढलंस ते बरं झालं. काडी टेकते तिथे कानामागे लाल चट्टे, खाज, नोजपॅडच्या तारेजवळ हिरवट डाग, हे मी रोज बघतो. मोनेल म्हणजे निकेल आणि तांबं. जर्मन सिल्व्हरमध्येही निकेल. उन्हाळ्यात घाम आला की वरचा मुलामा जातो आणि त्वचा पेटते. आणि तुझ्या निटिनॉलमध्ये निम्म्याहून जास्त निकेल! तो टायटॅनियमच्या नावाखाली विकतात.

भाची : निकेल आहे, पण ते बाहेर किती येतं हा प्रश्न आहे. निटिनॉलच्या पृष्ठभागावर टायटॅनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो निकेलला धरून ठेवतो. म्हणूनच दातांच्या तारा आणि रक्तवाहिनीतले स्टेंट निटिनॉलचे करता येतात. युरोपात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्धा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा नियम आहे, आणि चष्म्याच्या फ्रेमची त्यासाठी चाचणी होते.

मामा : तो थर घासून गेला तर?

भाची : हवेत पुन्हा बनतो. पण ज्याला निकेलची ॲलर्जी आहे हे पक्कं माहीत आहे त्याला मी निटिनॉल घे असं म्हणणार नाही. त्याच्यासाठी बीटा किंवा शुद्ध टायटॅनियम.

मामा : चला, एवढं तरी पटलं.

भाची : पण आता तुमच्या बाजूचं एक मला पटत नाही. तुम्ही म्हणता फ्रेम दुरुस्त करता आली पाहिजे. तुमची मोनेलची फ्रेम मोडली की तुम्ही गॅसवर चांदीचा डाख देता, पाच मिनिटांत हातात. पण जतकडून येणाऱ्या माणसाचा विचार करा. मेंढरांमागे फिरणारा किंवा ऊस तोडणाऱ्या टोळीतला. त्याचा चष्मा मोडला तर मिरजेला यायला त्याचा दिवस जातो आणि मजुरी बुडते. पैसे जमेपर्यंत तो चष्म्याविना राहतो. शाळेतल्या पोराचा मोडला तर फळा दिसत नाही आणि ते घरी सांगतही नाही. अशा माणसाला मोडल्यावर नीट होणारी फ्रेम हवी की मुळात न मोडणारी?

मेहुण्यांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. शहरातल्या माणसाला चष्म्याचं दुकान चार पावलांवर असतं, म्हणून दुरुस्तीची किंमत त्याला दिसत नाही. दुकानापासून लांब राहणाऱ्याला लवचिक धातूची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि महाग असल्यामुळे नेमका त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

मामा : न मोडणारी पाहिजे, खरंय. पण न मोडणारी अशी फ्रेम नसते गं. निटिनॉलचा ब्रिज तुटत नाही, पण तो रिमला जिथे जोडलाय तो जोड सुटतो. हा धातू सहजासहजी डाख धरत नाही. सगळा पीळ मधली तार खाऊन टाकते आणि जोडावर ओझं येतं. आणि एकदा टायटॅनियम मोडलं की मी काही करू शकत नाही. गॅसची ज्योत लावली की खलास.

भाची : कारण लाल होईपर्यंत तापलं की टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. त्याला आर्गॉन वायूच्या आच्छादनात जोडावं लागतं, किंवा लेझरनं. जपानला साबाएमध्ये हाच प्रश्न आला होता.

साबाए हे फुकुई प्रांतातलं गाव. या भागात चष्म्याचा धंदा सुरू झाला 1905 मध्ये. मासुनागा गोझाएमोन नावाच्या गृहस्थांनी ओसाकाहून कारागीर आणले आणि हिवाळ्यात बर्फामुळे शेती बंद पडणाऱ्या घरांना हे काम शिकवलं. आज जपानमध्ये बनणाऱ्या फ्रेमपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त या परिसरातून येतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कारागिरांनी टायटॅनियम हातात घेतलं. ते पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं आणि घामाला न गंजणारं, पण कापताना हत्याराला चिकटणारं, डाख न घेणारं, मुलामा न धरणारं. शेतीच्या जोडधंद्यातून घडलेल्या छोट्या कारखान्यांनी एकेक अडचण सोडवली. त्यांच्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. टायटॅनियमची फ्रेम हे मोठ्या प्रयोगशाळेचं जितकं देणं आहे तितकंच या गावच्या हातांचं आहे.

आणि आपल्याकडे? टायटॅनियमचं एक खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे, केरळात चवराला तर मुबलक आहे. जगात निघणाऱ्या या खनिजाचा फार मोठा वाटा धातू न होता पांढऱ्या रंगाची भुकटी होऊन भिंतींवर जातो, कारण खनिजातून धातू सोडवणं महाग आहे. आधी त्याचं क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमनं त्यातला क्लोरीन काढून घ्यायचा, मग उरलेला स्पंजासारखा गोळा निर्वातात वितळवायचा. चवराला असा स्पंज बनवणारा कारखाना आहे, हैदराबादच्या मिधानीत मिश्रधातू ओततात. पण हा धातू विमानं आणि अग्निबाणांसाठी असतो. चष्म्याच्या तारेचा विचार तिथे कोणी करावा असं मला फार वाटतं.

मामा : दाजी, तार इथे झाली तर स्वस्त होईल. पण आज माझी अडचण वेगळीच आहे. हातात आलेली फ्रेम खरी कशाची आहे हेच मला कळत नाही. वर लिहितात फ्लेक्सिबल टायटॅनियम. कधी फक्त काड्या टायटॅनियमच्या आणि समोरचा भाग मोनेलचा. कधी निटिनॉल, कधी बीटा, कधी नुसतं पातळ स्टील. काही तर चक्क टीआर नाइन्टी, म्हणजे प्लॅस्टिक, त्यावर करडा रंग. जपानी फ्रेम बरी. काहींच्या काडीवर टायटन-पी लिहिलेलं असतं म्हणजे पूर्ण टायटॅनियम, टायटन-सी म्हणजे मिश्र. बाकीच्यांचं काय? पोरं चुंबक लावून बघतात.

भाची : चुंबकानं अर्धंच कळतं. चिकटलं तर ते टायटॅनियम नाही हे नक्की. पण चिकटलं नाही म्हणून टायटॅनियम ठरत नाही. चष्म्यात वापरतात त्या बऱ्याच स्टीललाही चुंबक ओढत नाही. आणि निटिनॉल, बीटा, शुद्ध टायटॅनियम या तिघांत तर चुंबक काहीच फरक सांगत नाही.

मामा : मग मी कसं ओळखू?

भाची : सराफ सोनं तपासायला जे क्ष-किरणांचं यंत्र वापरतात, त्याच तत्त्वावरचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे. तुकडा न तोडता कुठला धातू किती आहे ते सांगतं. निकेल दिसलं, निम्म्याच्या आसपास, तर निटिनॉल. व्हॅनेडियम किंवा मॉलिब्डेनम दिसलं तर बीटा.

मामा : आणि सराफांकडे लेझरनं जोडायची यंत्रंही आलीत. मी एकदा टायटॅनियमची काडी घेऊन गेलो होतो आमच्या ओळखीच्या कारागिराकडे. त्यानं आर्गॉन सोडून जोडली. अजून शाबूत आहे.

भाची : मग तुम्ही म्हणता ती दुरुस्ती होते की! फक्त डाखानं होत नाही.

मामा : होते. पण मिरजेत एका माणसाकडे. जतला कोणाकडे?

इतकं झाल्यावर मी दोघांना विचारलं, की उद्या कोणी फ्रेम घ्यायला आलं तर काय सांगाल. मुलांना आणि फार आदळआपट होणाऱ्या कामातल्या माणसांना निटिनॉलचा ब्रिज आणि मधली काडी, पण कानामागची टोकं आणि नोजपॅडच्या तारा वाकवता येणाऱ्या, यावर दोघांचं जमलं. प्रोग्रेसिव्ह काच, मोठा नंबर किंवा जास्त सिलिंडर असेल तर रिम आणि ब्रिज ताठ हवेत, लवचिकपणा फक्त काडीत, तोही बीटा टायटॅनियमचा. हे मेहुण्यांनी सांगितलं आणि मुलीनं मान डोलावली. निकेलचा त्रास असेल तर निटिनॉल नको. साठीपुढच्या ज्यांना झोपताना चष्मा तसाच राहतो त्यांच्याबद्दल मात्र शेवटपर्यंत मतभेद राहिले. मुलगी निटिनॉल म्हणते. मेहुणे म्हणतात, स्वस्त मोनेलची फ्रेम घ्या आणि दर दोन महिन्यांनी माझ्याकडून सरळ करून न्या. मला मुलीचं पटतं, कारण दर दोन महिन्यांनी दुकानात येणं प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. पण मेहुण्यांच्या म्हणण्यातही एक गोष्ट आहे. चष्मा वारंवार दुकानात आला तर नंबर बदललाय का, मोतीबिंदू वाढतोय का, याकडेही कुणाचं तरी लक्ष राहतं.

मामा : गेल्या काही वर्षांत मोडून आलेल्या टायटॅनियमच्या फ्रेम मी टाकलेल्या नाहीत. दोन डबे भरलेत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलीय, कुठली कंपनी, काय म्हणून विकली आणि कुठे मोडली.

भाची : कुठे मोडली तेही लिहिलंय?

मामा : हो, म्हणजे ब्रिजचा जोड, बिजागरी की काडीचं मूळ.

भाची : मग दोन्ही डबे या रविवारी घेऊन जाते. चार विद्यार्थी लावते. प्रत्येक फ्रेमची रिम, ब्रिज आणि काडी वेगवेगळी तपासू. जोडाच्या जागा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघू, तडा तारेत सुरू झाला की जोडात ते कळेल.

मामा : आणि कशाची म्हणून विकली होती ते समोर लिहा. मला ती यादी दुकानात लावायचीय.

भाची : कंपन्यांच्या नावासकट?

मामा : नाव राहू दे. धातू लिही, आणि कुठे मोडली ते लिही. गिऱ्हाइकाला तेवढं पुरे.